पंप बदलला, आवाज तसाच: पॉवर स्टिअरिंगच्या एका तक्रारीचा तपास

गाडी सात आसनी डिझेल. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबानं हलकं होणारं, आणि तो दाब देणारा पंप इंजिनच्या बेल्टवर फिरणारा. काम वाईहून पाचगणी-महाबळेश्वरची प्रवासी भाडी, म्हणजे पसरणी घाट रोजचाच. तक्रार अशी की स्टिअरिंग वळवलं की बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा आवाज येतो आणि रेस वाढली की तो चढत जातो. आधी दुसऱ्या एका गॅरेजात पंप बदलून झाला होता. काढलेला जुना पंप पोत्यात गुंडाळून डिकीत ठेवलेला होता.

"मिस्त्री, पंप बदलला तरी हिचं रडणं काय थांबंना," गाडीमालक काका म्हणाले. "आता परत एकदा टाका, पण या वेळेला चांगल्यातला टाका."

मी पंप टाकला नाही. का टाकला नाही आणि दोष कुठे निघाला ते सविस्तर लिहितो आहे, कारण या तक्रारीत लोकांचे सगळ्यात जास्त पैसे पंपावरच जातात, आणि त्यातले बरेच वाया जातात.

आधी ऐकून घेतलं ते

काकांना मी बसवून घेतलं आणि आवाज नेमका कधी येतो ते विचारलं. सकाळी पाचगणीच्या थंडीत गाडी चालू केली की पहिली दोन-तीन मिनिटं जोरात. मग कमी. घाटात इंजिन तापलं आणि वळणांमागून वळणं आली की पुन्हा चालू. अधूनमधून स्टिअरिंग क्षणभर जड होतं आणि लगेच सुटतं. ऑइल कमी होतं का, यावर उत्तर ठाम होतं: "एक थेंब कमी होत नाही. खाली जमिनीवर डाग बी नाही."

हे शेवटचं वाक्य बहुतेक गॅरेजवाल्यांची दिशाभूल करतं. गळती नाही, ऑइल पूर्ण आहे, बेल्ट ताठ आहे, म्हणजे आता राहिला पंपच, असा हिशोब होतो. पण माझ्या मते या गाडीतली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच होती. जुना पंप आणि बदललेला पंप दोघंही एकाच सुरात, एकाच वेळी, एकाच परिस्थितीत ओरडत होते. दोन वेगवेगळे पंप अगदी एकसारखे बिघडणं कठीण. दोघांनाही मिळत होतं ते ऑइल एक, आणि ते ज्या वाटेनं येत होतं ती वाटही एकच.

म्हणून पंपाआधी काय काय झालं होतं ते विचारलं. काकांनी थोडं आठवून सांगितलं की पंप बदलायच्या काही महिने आधी घाटात एकदा स्टिअरिंग ऑइलच्या टाकीजवळचा पाईप चिरला होता, सगळं ऑइल सांडलं, तेव्हा रस्त्यातच कुणाकडून तरी दुसरा पाईप बसवून घेतला होता. आवाज त्याच्या आधी नव्हता. त्यांना या दोन गोष्टींचा संबंध वाटला नव्हता, आणि वाटण्याचं कारणही नव्हतं, कारण पाईप बदलल्यावर कितीतरी दिवस गाडी गप्प होती.

पंप ओरडतो म्हणजे काय होतं

हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या तपासण्यांना अर्थ नाही. आपल्याकडच्या बहुतेक हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये व्हेन पंप असतो. मधे फिरणारा रोटर, त्याच्या खाचांत आत-बाहेर सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या, साधारण दहा. भोवती लंबगोल पोकळीची कॅम रिंग. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन रिंगला घासत फिरतात. दोन पट्ट्यांमधली जागा एका बाजूला मोठी होते तिथे ऑइल ओढलं जातं, पुढे लहान होते तिथून दाबानं बाहेर पडतं. एका फेऱ्यात हे दोनदा, समोरासमोर होतं. ही समतोल रचना अमेरिकेत हॅरी विकर्स यांनी 1925 मध्ये आणली, आणि तिचा फायदा आपल्या तपासाला थेट होतो. दोन्ही बाजूंचा दाब एकमेकांना तोडीस तोड असल्यामुळे शाफ्टवर आतून आडवा भार फारसा येत नाही. त्यामुळे बेल्ट वाजवीपेक्षा जास्त ताणलेला नसेल तर या पंपाचं बेअरिंग किंवा बुश सहसा आधी जात नाही. 'बेअरिंग वाजतंय' असं ऐकल्या ऐकल्या ठरवू नये ते यासाठी.

आता ओढण्याची बाजू. पंप ऑइल ओढतो म्हणजे प्रत्यक्षात तो नुसती जागा करून देतो. टाकीतल्या ऑइलवर वातावरणाचा दाब असतो, तो ऑइलला त्या जागेत ढकलतो. हा दाब फार तर एक बार, पाचगणीच्या सुमारे 1300 मीटर उंचीवर त्याहूनही कमी. दाबाच्या बाजूला पंप 70 ते 120 बारपर्यंत जातो, पण ओढण्याच्या बाजूला भांडवल एवढंच. त्यामुळे टाकी ते पंप या हातभर पाईपात जरा जरी अडथळा आला तरी ऑइल वेळेवर पोहोचत नाही. पोकळीतला दाब पडतो. खनिज तेलात एरवीसुद्धा आकारमानाच्या आठ-दहा टक्के हवा विरघळलेली असते, दाब पडला की ती बुडबुडे होऊन सुटते. आणि त्याच पाईपाचा जोड ढिला असेल तर बाहेरची हवा आत घुसते. ऑइल मात्र बाहेर येत नाही, कारण इंजिन चालू असताना तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. काकांची जमीन कोरडी होती ती म्हणूनच.

हे बुडबुडे दाबाच्या बाजूला पोहोचले की चिरडतात आणि प्रत्येक वेळी पट्टीला हिसका बसतो. दहा पट्ट्या, पंपाचे मिनिटाला 1000 फेरे धरले तर सेकंदाला सुमारे 167 ठोके. ते सुटे ऐकू येत नाहीत, सलग घूंकार ऐकू येतो, आणि रेस वाढली की त्याचा सूर चढतो. स्टिअरिंग वळवलं की दाब वाढतो, बुडबुडे जास्त जोरात चिरडतात, आवाज मोठा होतो.

तपासणी

सुरुवात बेल्टपासून केली, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. बेल्टचा आवाज 'चींऽऽ' असा कोरडा असतो, स्टिअरिंग टोकाला नेलं की किंचाळतो, आणि बेल्टवर थोडं पाणी मारलं की लगेच बदलतो. इथे काहीच बदललं नाही. पुलीला हलवून पाहिलं, खेळ नव्हता. लांब पेचकसाचं टोक एकेका ठिकाणी टेकवून मूठ कानाशी धरली. अल्टरनेटर स्वच्छ, वॉटर पंप स्वच्छ. स्टिअरिंग पंपाच्या बॉडीवर घूंकार स्पष्ट, आणि तोच घूंकार टाकीच्या तळाशीही. फिरत्या यंत्राशेजारी पेचकस धरताना बाही वर सारलेली आणि हात बेल्टपासून लांब हवा, हे नव्या पोरांना दर वेळी सांगावं लागतं.

स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन क्षणभर धरलं तेव्हा 'शींऽऽ' असा आवाज आला. तो दोष नाही. आतला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो त्याचा तो आवाज, आणि निरोगी गाडीतही येतो. फक्त टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, ऑइल भराभर तापतं.

मग टाकीचं झाकण काढलं. लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, या स्टिअरिंगलाही तेच लागतं) भरलेलं असायला हवं, ते गढूळ गुलाबीसर दिसत होतं, वर बारीक फेस. इंजिन चालू असताना पातळी कुठे आहे तिथे खूण केली आणि इंजिन बंद करायला सांगितलं. पातळी बोटाच्या पेराएवढी वर उसळली. ही चाचणी फुकट आहे आणि फार क्वचित फसवते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. दाब गेला की आतली हवा फुगते आणि ऑइल टाकीत वर ढकलते. निरोगी गाडीत हा फरक नावापुरता असतो.

हवा आहे हे ठरलं. ती आतच अडकून राहिली आहे की सतत नवी येते आहे, हा पुढचा प्रश्न. रॅककडून, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेकडून, टाकीत परत येणाऱ्या पाईपाच्या वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. या वाटेला दाब अगदी कमी असतो म्हणून हे चालतं, प्रेशर पाईपवर असा प्रयोग कधीही करू नये. स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत राहिलो. आधीची राहिलेली हवा असती तर काही वेळात बुडबुडे विरळ झाले असते. ते येतच राहिले, आणि रेस दिली की दाट झाले.

आता पंपाच्या तोंडाशी, जिथे टाकीकडून आलेला पाईप बसतो, तिथे भोवताली जाडसर ग्रीस लिंपलं. थोड्या वेळात आवाज अर्ध्यावर आला. ग्रीस आत ओढलं गेलं तसा परत चढला. हवा शाफ्टच्या सीलमधूनही घुसू शकते, पण ग्रीस जोडावर लावून आवाज बदलला म्हणजे निदान मोठा चोर तरी तिथेच होता.

आणि मग त्या पाईपाकडे नीट पाहिलं. इंजिन आयडलला असताना तो गोल होता. सहकाऱ्याला रेस द्यायला सांगितली. माझ्या डोळ्यांसमोर पाईप वळणाच्या जागी चपटा झाला. रेस सोडली, परत फुगला. बोटांनी दाबला तर लोण्यासारखा मऊ लागत होता, आणि टोकाला क्लिपेच्या बाहेर रबर फुगून आलेलं होतं. वरची छपाई पुसत आली होती, पण हा हीटरच्या पाण्याचा पाईप होता हे त्याच्या विणीवरून आणि जाडीवरून ओळखू आलं.

गेज लावून दाबही पाहिला. गेजचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद केल्यावर काटा 88 बारपर्यंत गेला, पण एका जागी ठरेना, थरथरत राहिला. पंपात ताकद होती, त्याला सलग ऑइल मिळत नव्हतं.

रबराचा प्रश्न

रस्त्यात ज्यानं पाईप बसवला त्याला मी नावं ठेवणार नाही. घाटात गाडी अडकलेली, माप बरोबर जुळलं, गाडी घरी पोहोचली. पण पाण्याचे पाईप बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. गरम पाणी, कूलंट, वाफ यांत ते वर्षानुवर्षं टिकतं. खनिज तेल मात्र ते पिऊन घेतं, फुगतं, मऊ होतं आणि आतून सुटायला लागतं. तेलासाठी नायट्राइल रबराचा पाईप लागतो. दोन्ही काळे, दोन्ही सारख्या मापाचे, हातात घेऊन फरक कळत नाही. तेलात काही आठवडे गेले की कळतो. काकांची गाडी सुरुवातीला गप्प होती ती याच कारणानं.

याचं उलटंही लक्षात ठेवण्याजोगं आहे. ब्रेकचे सील ईपीडीएमचे असतात, म्हणून ब्रेकच्या टाकीत चुकून एटीएफ किंवा इंजिन ऑइल पडलं तर सगळे सील फुगून ब्रेक धरून बसतात. आणि स्टिअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतलं तर इकडचे नायट्राइलचे सील खराब होतात. 'तेल ते तेल' म्हणून जे हाताशी असेल ते ओतायची सवय घाटातल्या ड्रायव्हरांना आहे, आणि तिच्यापायी रॅकपर्यंत सगळं बदलायची पाळी आलेली मी पाहिली आहे. टाकीच्या झाकणावर कोणतं ऑइल ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचावं.

आता तक्रारीतली प्रत्येक गोष्ट जागेवर बसली. सकाळी ऑइल घट्ट, ओढायला जड, म्हणून आवाज. थोडं तापलं की पातळ होऊन कमी. पूर्ण तापलं की पाईप आणखी मऊ, चपटा होतो, आणि फुगलेलं रबर जोडावर पकड सोडतं, म्हणून घाटात परत आवाज. हवेचा मोठा फुगा रॅकमध्ये गेला की स्टिअरिंग क्षणभर जड.

दुरुस्ती

पाईप काढून उभा चिरला. आतली भिंत काजळासारखी बोटाला लागत होती, एका ठिकाणी पापुद्रा सुटून अर्ध्या वाटेवर आडवा आला होता. हा चुरा कुठे गेला असेल ते पाहायला टाकी काढली. तळाची जाळी काळ्या लगद्यानं निम्म्याहून जास्त भरलेली. या टाकीत जाळी साच्यातच ओतलेली असते, वेगळी निघत नाही. धुऊन वरवर स्वच्छ दिसते, पण बारीक भोकांतलं रबर निघत नाही, आणि नवा पाईप टाकूनही पंप उपाशीच राहतो. म्हणून टाकीही नवी घेतली. इथे हात आखडता घेतला तर सगळं काम फुकट जातं असं माझं स्पष्ट मत आहे.

नवा सक्शन पाईप तेलाचा, आत विणीचा, जुन्या मूळ पाईपाएवढ्याच लांबीचा आणि कुठेही तीव्र मोड न पडेल असा बसवला. पंपाच्या तोंडाचा नळकांडा काढून त्याखालची ओ-रिंग बदलली, ती आवळून चपटी झाली होती. क्लिपा नव्या, बेताच्या आवळलेल्या.

मग सगळं ऑइल धुऊन काढलं. पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली. रिटर्न पाईप टाकीपासून सोडून डब्यात घातला, टाकीचं ते तोंड बुचानं बंद केलं. एक जण टाकीत ताजं एटीएफ ओतत राहिला, दुसऱ्यानं इंजिन थोडा थोडा वेळ चालवत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. आधी काळपट, मग गुलाबी, शेवटी स्वच्छ लाल येईपर्यंत. दोन लिटरच्या आसपास लागलं. मधे टाकी कोरडी पडू देऊ नये, नाहीतर काढायची हवा आपणच भरतो.

हवा काढण्याच्या पायरीवर बहुतेक जण घाई करतात. पाईप जोडल्या जोडल्या इंजिन चालू करून स्टिअरिंग गरागरा फिरवतात, आणि पंप त्या हवेचा ऑइलमध्ये फेस करून ठेवतो. फेस झालेली हवा निघायला तास जातात. बरोबर पद्धत म्हणजे इंजिन बंद, चाकं उचललेली, स्टिअरिंग हातानं सावकाश टोकापासून टोकापर्यंत, पंधरा-वीस वेळा, टाकीतली पातळी बघत बघत. वर येणारे बुडबुडे थांबले की मगच इंजिन आयडलला, पुन्हा सावकाश फिरवणं, टोकाला न थांबता. त्यानंतर गाडी रात्रभर उभी ठेवली. उरलेले बारीक बुडबुडे आपोआप वर येतात. हाताचा व्हॅक्यूम पंप टाकीच्या तोंडावर लावूनही हे काम लवकर होतं, पण वेळ असेल तर गाडी उभी ठेवण्यात काही बिघडत नाही.

सकाळी इंजिन बंद केल्यावर पातळी जागची हलली नाही. पारदर्शक नळीत सलग लाल धार. गेजचा काटा 88 वरच गेला, पण आता स्थिर उभा राहिला. गरम इंजिनावर, स्टिअरिंग सरळ ठेवून, दाब 5 बारच्या आसपास होता, म्हणजे पुढे रॅककडे कुठे अडथळा नव्हता.

राहिलेला आवाज

घूंकार गेला. पण थंड इंजिनावर, कान देऊन ऐकलं तर, पंपातून बारीक गुणगुण अजून येत होती. ती का, याचं उत्तर डिकीतल्या जुन्या पंपात मिळालं. तो काकांसमोरच उघडला. पट्ट्या ठीक, शाफ्ट ठीक, प्रेशर प्लेटवर किरकोळ रेघा. पण कॅम रिंगच्या आतल्या चकचकीत भिंतीवर, ऑइल ओढून झाल्यावर दाब चढायला लागतो त्या भागात, नख फिरवलं की बारीक लाटा लागत होत्या. बुडबुड्यांच्या हिसक्यांनी पट्ट्या रिंगवरून उचलल्या जाऊन परत आपटत होत्या, त्याच्या या खुणा. बदललेला पंपही काही काळ त्याच पाईपावर चालला होता, तेव्हा त्याच्या रिंगवर याची सुरुवात झाली असणार. काकांच्या हातात रिंग देऊन नख फिरवायला सांगितलं. त्यांनी दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "म्हंजे पंपानं पाईप खाल्ला नाही, पाईपानं पंप खाल्ला."

बसलेला पंप बदलावा का, हे त्यांनी विचारलं. दाब पूर्ण होता, सील कोरडं होतं, हवा नव्हती, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलकं होतं. एवढ्या गुणगुणीसाठी चालता पंप काढायला मी सांगितलं नाही. पाईप, टाकी, ओ-रिंग, क्लिपा आणि ऑइल मिळून खर्च त्यांनी पंपावर आधी घातलेल्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी झाला. जुना पंप दुरुस्त करून ठेवायचा त्यांचा विचार होता, तोही नको म्हटलं. सील किट सगळीकडे मिळतं, पण लाटा पडलेली रिंग तशीच ठेवून नुसते सील बदलले तर तो पंप पहिल्या दिवसापासून वाजणार.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा टाकीचं झाकण आधी उघडलं. ऑइल लाल, फेस नाही, जाळीवर काही नाही. गुणगुण होती तेवढीच होती, वाढलेली नव्हती. मऊ झालेला पाईप दुसऱ्या कुठल्या कामाला लावला जाऊ नये म्हणून त्याचे तुकडे त्याच दिवशी करून टाकले होते. त्यातला चिरलेला एक तेवढा ठेवला आहे. पंप बदलून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधी हातात देतो, मग बॉनेट उघडतो.